कोरा डबा

बोईसर स्टेशनवरून सालवडकडे येणाऱ्या रस्त्यावर, पंक्चरवाला आणि उडप्याचं हॉटेल यांच्यामध्ये एक गाळा होता. खिडकी नाही, पंखा एकच, आणि तो मालकाच्या डोक्यावर. आत व्हिडिओ गेमची चार यंत्रं होती. तीन मोटारींची आणि मारामारीची, ती माझ्या मते येरागबाळ्यांसाठी होती. चौथं किड्यांचं होतं. शहाऐंशी-सत्त्याऐंशी साल असेल, मी नववीत होतो आणि त्या चौथ्या यंत्राच्या गुणांच्या यादीत पहिल्या नंबरला माझ्या नावाची तीन अक्षरं झळकत होती.

खेळ सोपा होता. पडद्याच्या वरच्या कडेवरून झुरळांच्या रांगा उतरायच्या, मधूनच बाजूने कोळी उड्या मारत यायचा, एखादी लांब गोम वळणं घेत खाली सरकायची. तळाशी आपली बंदूक. डाव्या हातात दांडी, उजव्या हाताखाली बटण. किडा मेला की टिचकन फुटायचा आणि हिरवा डाग उरायचा. एकच गोष्ट ध्यानात ठेवायची. सगळे मरून एकटा किडा उरला की तो चार-पाच सेकंद जागीच थरथरतो आणि मग पिसाळतो, दिसेनासा होईल इतक्या वेगाने खाली येतो आणि बंदूक खातो. म्हणून शेवटच्या दोघांना एका झटक्यात उडवायचं, एकाला मागे ठेवायचं नाही. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

यंत्राची मागची बाजू तापायची, तिथे खरी झुरळं राहत. आम्ही ती पकडून पडद्याच्या काचेवर सोडायचो आणि खोटी मारता मारता खरं अंगठ्याने चिरडायचो. दोन्ही एका वेळी मेली तर पोरं टाळ्या वाजवत. मी ते इतरांपेक्षा जास्त मजेत करायचो, कारण झुरळांशी माझं घरचं भांडण होतं.

माझे वडील झुरळं पाळायचे.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कीटकनाशकाचा एक कारखाना होता. औषध विकण्याआधी ते किडे मारतं का हे बघावं लागतं, आणि त्यासाठी किडे लागतात. बाहेरून पकडून आणलेले चालत नाहीत. सगळे एका वयाचे, एकाच खाण्यावर वाढलेले, धडधाकट हवेत. ते वाढवण्याची एक गरम, दमट खोली होती आणि बाबा त्या खोलीचे सर्वेसर्वा होते. काचेच्या बरण्यांना आतून वरच्या कडेला व्हॅसलीन लावायचं, म्हणजे झुरळं चढून बाहेर येत नाहीत. त्यांना बिस्किटांचा चुरा, दुधाची पावडर, पाण्यात भिजवलेला कापूस. माश्यांना कोंडा. आणि डासांना रक्त. डासांच्या माद्यांना रक्ताशिवाय अंडी घालता येत नाहीत, म्हणून बाबा आपला डावा हात कोपरापर्यंत जाळीच्या पेटीत घालून बसायचे. त्या हातावर सदानकदा लाल पुरळ असे. कारखान्याचे साहेब म्हणाले होते, डासांना रक्त पाजायला ससा आणू. ससा काही आला नाही.

दर आठवड्याला चाचणी व्हायची. एकेका डब्यात वीस झुरळं, डब्यावर औषधाचा फवारा, आणि बाबांच्या हातात स्टॉपवॉच. किती मिनिटांत किती उलटी पडली ते बाबा ओरडून सांगायचे आणि साहेब लिहून घ्यायचे. पण प्रत्येक वेळी एक डबा फवारा न मारता बाजूला ठेवायचा. बाबा त्याला कोरा डबा म्हणत. कोऱ्या डब्यातली झुरळंसुद्धा मेली तर समजायचं की दोष औषधाचा नाही, हवेचा किंवा खाण्याचा, आणि सगळी चाचणी रद्द. त्यामुळे मारण्याच्या कामात बाबांची सगळी जपणूक त्या एका डब्यावर असायची. त्याच्यावर कुणाचा चुकून श्वास पडलेला त्यांना चालत नसे. अर्थात कोऱ्या डब्यातल्यांना पुढच्या आठवड्यात फवाऱ्याखाली जावं लागायचं, तेव्हा ती जपणूक किती खरी हा प्रश्नच आहे. मी तो त्यांना विचारला होता. ते म्हणाले, "आजचा दिस तर गेला ना त्यांचा."

बाबा मूळचे दातिवऱ्याचे. मासेमारी करणारं घर. त्यांचे दोन्ही भाऊ होडीवर जात आणि बाबांना मात्र समुद्र लागायचा. खाडीच्या तोंडाशी होडी आली की यांच्या उलट्या सुरू. भाऊ त्यांना बायकांबरोबर बोंबील वाळवायला बसवत आणि हसत. त्या हसण्याला कंटाळून ते कारखान्यात आले आणि झुरळांना दूध पाजू लागले. भावांना हसायला आणखी मोठं कारण मिळालं. आम्ही सणाला गावी गेलो की काका विचारायचे, "काय रं, किती बाळंत झाल्या?"

घरात आम्ही बाबांना 'तू'च म्हणायचो, आमच्याकडे तीच रीत होती. आता लिहिताना 'ते' लिहितो आहे. हा उशिरा सुचलेला आदर आहे, त्याला काडीची किंमत नाही.

बाबांच्या अंगाला वास यायचा. औषधाचा वास कुणी समजून घेतला असता, त्या वसाहतीत सगळ्यांच्याच बापांना कसला ना कसला वास होता. पण बाबांच्या अंगाला झुरळांचा वास यायचा, जुन्या ओल्या फडक्यासारखा. आई त्यांचे कपडे चिमट्याने उचलून वेगळ्या बादलीत टाकायची. चाळीत सत्यनारायण असला की बाबा प्रसाद वाटायला उठले तर बायका पटकन म्हणत, राहू द्या भाऊजी, आम्ही बघतो. शाळेत मी 'झुरळ्या' होतो. मास्तरसुद्धा एकदा चुकून म्हणाले आणि मग चूक सुधारली नाही.

म्हणून त्या यंत्रावर मी जे मारत होतो ते नुसतं झुरळ नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं. न कळता वाईट वागण्याइतका मी भाबडा कधीच नव्हतो.

कारखान्याला सुट्टी शुक्रवारी असायची आणि शाळेला रविवारी. त्यामुळे शुक्रवारी मी शाळा बुडवून गाळ्यात असतो हे बाबांना सहज कळलं. मी दहावीत गेलो त्या वर्षीची ही गोष्ट. पहिल्यांदा ते आले तेव्हा दारात उभे राहिले. ओरडले नाहीत, कान धरला नाही. धरला असता तर बरं झालं असतं, बाप असल्यासारखं तरी वाटलं असतं. नुसतं म्हणाले, "चल रं घरी." पोरं खिदळली. एक जण तोंडाने फुस्स करून फवारा मारल्याची नक्कल करायला लागला. मी मागे वळूनही पाहिलं नाही.

मग ते दर शुक्रवारी यायला लागले. दाराशी उभे राहायचे आणि माझा खेळ संपेपर्यंत पडदा बघायचे. किडे बघणं हाच त्यांचा धंदा होता. एका शुक्रवारी घरी जेवताना ते म्हणाले, "तो कोळी दोनदा उजवीकडनं येतो, मंग एकदा डावीकडनं. तू उगा दचकतो." पुढच्या खेपेला मोजून पाहिलं तर अगदी तसंच होतं. त्या एका वाक्यावर माझे गुण दुपटीने वाढले. पोरांनी विचारलं कसं जमवलंस, मी म्हणालो डोकं लागतं.

दिवाळीनंतर मास्तरांनी घरी निरोप पाठवला की मुलाला परीक्षेला बसू देणं कठीण आहे. त्या शुक्रवारी बाबा पहिल्यांदाच गाळ्याच्या आत आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. डावा हात, पुरळ उठलेला.

"दहावी हाय तुजी," ते म्हणाले. "चल. रोज रोज आमी किती बोलायचं?"

आठ-दहा पोरं बघत होती. मी हात झटकला. मला काय सुचलं ते अजून सांगवत नाही, पण सांगतो. मी म्हणालो, "तुला फार कळतं ना यातलं? मग खेळून दाखव. एक स्टेज, एकाच लाइफमध्ये. जिंकलास तर मी इथे परत पाय ठेवणार नाही. आईशप्पथ."

"आन हरलो तर?"

"हरलास तर घराबाहेर मी जिथे असेन तिथे तू असायचं नाही. इथे नाही, शाळेत नाही, स्टेशनवर नाही, कुठेच नाही. मी आलो की तू उठून जायचं."

एखाद्या शहाण्या बापाने त्या क्षणी दोन मुस्काटात ठेवून दिल्या असत्या. बाबांनी जरा विचार केला. पुढ्यातल्या बरणीत किती आहेत ते बघताना करायचे तसा. मग म्हणाले, "बरं."

मालकाने स्वतःच्या गल्ल्यातून टोकन काढून यंत्रात टाकलं. त्यालाही मजा हवी होती.

बाबा स्टुलावर बसले. त्यांनी डाव्या हाताची बाही वर केली आणि दांडी धरली. पुरळ बघून एक जण म्हणाला, "अरे, हा तर आधीच चावून घेऊन आलाय." मी हसलो. मग खेळ सुरू झाला आणि आमचं हसणं हळूहळू बंद पडलं. त्यांचा उजवा हात इतकी वर्षं स्टॉपवॉचच्या खटक्यावर होता. तो हात उगाच एकदाही हलला नाही. आम्ही बटण बडवायचो, ते वाट बघायचे. झुरळ बरोबर समोर आलं की एकच गोळी. कोळी दोनदा उजवीकडून आला, दोनदा मेला. तिसऱ्यांदा तो डावीकडून यायच्या आधीच बाबांनी बंदूक तिकडे नेऊन ठेवली होती. गोम तर त्यांनी शेपटापासून डोक्यापर्यंत एकेक तुकडा सोलून काढावी तशी काढली. एक रांग गेली, दुसरी गेली. मी हरणार होतो, आणि तेही बाबांकडून, सगळ्यांसमोर.

शेवटी दोन झुरळं उरली. एक त्यांनी टिपलं. वरच्या कोपऱ्यात एकटं उरलं आणि बंदूक त्याच्या बरोब्बर खाली होती. बटण एकदा दाबायचं बाकी होतं.

बाबांनी बटणावरून हात उचलला.

"मारो चाचा, मारो!" मालक ओरडला. "एक ही है!"

बाबा मागे रेलले आणि आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "यो ऱ्हाऊ दे. यो कोरा."

इतकी वर्षं त्या हाताने सगळे फवारून झाल्यावर एकाला बाजूला ठेवलं होतं. हात तिथे आपोआप थांबला. शेवटचा किडा पिसाळतो हे त्यांनी दाराशी उभं राहून शंभर वेळा पाहिलं होतं. ते झुरळ पिसाळलं, तिरकं खाली आलं आणि त्यांनी पुन्हा बटणाकडे हात नेईपर्यंत त्याने बंदूक गिळली. यंत्राने हरल्याची ती रडकी धून वाजवली.

जे हसणं फुटलं त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. कोरा म्हणजे काय हे त्या गाळ्यात फक्त मला माहीत होतं. बाबा का हरले हे मला एकट्याला कळलं होतं, आणि तरीही मीच हसत पोरांना समजावून सांगितलं. "अरे, त्याला पाळायला ठेवलं!" पोरं लोळायची बाकी राहिली.

बाबा स्टुलावरून उठले. बाही खाली केली. "माजंच चुकलं," ते म्हणाले. "हात थांबला." मग माझ्याकडे बघून, रागाने नाही, साधंच, "ठरलं त्ये ठरलं," असं म्हणाले आणि निघून गेले. पुढच्या शुक्रवारी दार रिकामं होतं. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मोकळं मोकळं वाटलं.

यानंतर मी दहावी नापास झालो असतो तर गोष्टीला काही अर्थ आला असता. तसं झालं नाही. मास्तरांच्या पाया पडून परीक्षेला बसलो आणि दुसऱ्या वर्गात पास झालो. निकालाच्या दिवशी इतरांचे बाप शाळेच्या पटांगणात पेढे वाटत होते. माझे बाबा घरी दारात बसून होते. मी उंबरा ओलांडून आत आलो तेव्हा त्यांनी माझ्या तोंडात पेढा घातला. घरात ते जसे होते तसेच होते. कोळी कुठून येतो हे सांगणारे, आईच्या शिव्या खाणारे. पण घराबाहेर मला बाप राहिला नाही.

मी पालघरला कॉलेजात जायला लागलो. एकदा पालघरच्या एसटी स्टँडवर दातिवऱ्याच्या गाडीची रांग लागली होती. गावी काकाच्या मुलीचा साखरपुडा होता, मीही परस्पर तिकडेच निघालो होतो. रांगेत पुढून चौथे बाबा उभे होते, हातात नारळ आणि साडीची पिशवी. त्यांनी मला येताना पाहिलं. पिशवी बगलेत धरली आणि रांगेतून बाहेर पडून मुतारीच्या मागच्या बाजूला गेले. गाडी आली. मी चढलो, खिडकीजवळची जागा पकडली. मला हाक मारता आली असती. गाडी सुटली तेव्हा ते भिंतीआडून बाहेर येऊन पुढच्या गाडीची पाटी वाचत होते. साखरपुड्याला ते पोचले नाहीत. मी तिथे असणार हे त्यांना कळलं होतं ना.

एक वाक्य पुरलं असतं. पोरखेळ होता तो, विसर आता. पण ते म्हणायला मला आधी कबूल करावं लागलं असतं की त्या दिवशी मी काय केलं, आणि ते कबूल करण्यापेक्षा बाप नसलेला मला सोपा वाटला. वर मी स्वतःची समजूत घालायचो की हट्ट त्यांचाच आहे.

पुढे मला वापीला नोकरी लागली आणि लग्न ठरलं. आई म्हणाली, "हॉल नको. दातिवऱ्याला अंगणात मांडव घालू. घरचं अंगण म्हणजे घरच. तुजा बाबा येईल." तिने हे इतक्या सरळ सांगितलं की मला न समजल्याचं सोंगही घेता येईना. मी म्हणालो, सासरच्यांना मासळीच्या वासात बसवू का? लग्न बोईसरला हॉलमध्ये झालं. आई पाहुण्यांना सांगत होती, त्यांना ताप आहे. त्या दिवशी बाबा घरी नवे कपडे घालून बसले होते, हे मला बायकोने नंतर सांगितलं. गृहप्रवेशाला आम्ही दारात आलो तेव्हा त्यांनीच तिच्या पायाशी माप ठेवलं होतं.

अठ्ठ्याण्णवच्या आसपास त्यांची छाती भरायला लागली. इतकी वर्षं त्या बंद खोलीत फवारा, कोंडा आणि किड्यांच्या कातींची धूळ. आईचा फोन आला की बोईसरला दवाखान्यात ठेवलंय, ये. मी वापीहून निघालो आणि गाडीत ते वाक्य घोकत आलो. दहा-बारा वर्षं उशीर झाला होता, पण होता म्हणून काय झालं, असं स्वतःला सांगत आलो.

वॉर्डात सहा खाटा होत्या. खिडकीकडच्या खाटेवर बाबा होते, नाकात नळी, हाताला सलाइन. ताप डोक्यात गेला होता, आईला ते आपल्या आईच्या नावाने हाक मारत होते. मी दारातून आत पाऊल टाकलं. त्यांनी डोळे उघडले आणि मला मात्र ओळखलं. लगेच कोपरावर रेलून उठायला लागले. पाय खाटेखाली सोडले, चपला शोधायला लागले. नळी ताणली, सलाइनची बाटली स्टँडवर हिंदकळली. नर्स धावली.

"बाबा, पडून राहा," मी म्हणालो. "ते सगळं संपलं. मी चुकलो. तू इथेच राहा."

"हां, हां," ते घाईघाईने म्हणाले. "तू आलास ना. निंगतो मी. चपला गावत नाय."

मी चार वेळा सांगितलं. पाय धरले. माझं बोलणं त्यांच्या कानात शिरत नव्हतं, मी दिसत तेवढा होतो. जितका जवळ गेलो तितके ते धडपडत उठत राहिले. नर्स माझ्यावर ओरडली, "तुम्ही कोण आहात? बाहेर व्हा आधी, पेशंटला धाप लागलीय." मी बाहेर गेलो. आत लगेच शांत झालं.

तीन दिवस मी दाराबाहेरच्या बाकावर बसलो. दार अर्धं उघडं असे, पण त्यांना मी दिसणार नाही अशा बेतानं बसायचो. एकदा वाकून बघायला गेलो तर त्यांचे पाय पुन्हा खाली आले, मग मी परत वाकलो नाही. आई आतून बाहेर ये-जा करायची, काय खाल्लं, काय बोलले ते सांगायची. बायको डबा आणायची. येणारे-जाणारे नातेवाईक म्हणायचे, बाहेर का बसलास, आत जा की बापाजवळ. काकाही आले होते. त्यांनी मला दोनदा हाताला धरून उठवलं. मी दोन्ही वेळा परत बाकावर बसलो.

चौथ्या दिवशी दुपारी आई बाहेर आली. पदराने हात पुसत माझ्यासमोर उभी राहिली.

"ये," ती म्हणाली. "आता तू आत आलास तरी चालंल."